हाताइतकं वजन

"काका, तुम्ही श्वास उलटा घेताय," ती म्हणाली. दोष काढल्याचा सूर तिच्या आवाजात नव्हता. शर्ट उलटा घातलेल्या माणसाला सहज सांगावं तसं तिनं सांगितलं आणि म्हणूनच ते मास्तरांना जास्त झोंबलं. ते उताणे पडले होते. गुडघे वर घेतलेले, शर्टाची खालची बटणं सोडलेली, पाठीखाली कागदाची चादर, नुसती मान हलवली तरी कुरकुरणारी. तिचा हात त्यांच्या बेंबीच्या वर होता. त्यांनी श्वास आत घेतला की तो हात खाली जात होता, सोडला की वर येत होता. वास्तविक व्हायला हवं नेमकं उलटं. तान्ह्या पोरालाही हे न शिकवता येतं, ती सांगत होती, हवा आत आली की पोट फुगतं, गेली की बसतं. तुमचं पोट मात्र हवा येताना पाठीला जाऊन चिकटतं, मग छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला हलायला जागाच मिळत नाही, तो पडदा दुबळा होतो, आणि अन्ननळीला त्याचा जो वेढा असतो तो सैल पडून खालचं ॲसिड वर येतं. मास्तरांच्या डोळ्यांपुढे इलॅस्टिक गेलेला पायजमा आला. "कधीपासून घेता असा?" तिनं विचारलं. जणू मास्तरांनी एखाद्या दिवशी ठरवून सुरुवात केली होती. त्यांनी हसून वेळ मारून नेली. साठीला टेकलेल्या माणसाला एक पोरगेली बाई सांगते की तुला श्वास घेता येत नाही, आणि तो तिच्याकडे बघून हसतो, कारण त्याच्या शर्टाची बटणं उघडी असतात.

हसता हसता त्यांनी तिचं माप घेतलं. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, मान थोडी पुढे, कंबर खोटी, पट्ट्यानं आणलेली. सवयच ती. मोठ्या रस्त्यावरच्या कोटांच्या दुकानात त्यांचा सगळा जन्म कटर म्हणून गेला होता, आणि समोर आलेल्या माणसाचं आधी व्यंग दिसायचं, मग चेहरा. पोटाच्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन पाहिल्या, जेवल्यावर वाकू नका म्हणून बजावलं, पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून घ्यायला लावली, आणि कशानंच उतार पडेना तेव्हा चिठ्ठी देऊन या बाईकडे पिटाळलं. आता हे शेवटचं, नाहीतर आत दुर्बीण घालून शिवावं लागेल, असं ते म्हणाले. शिवावं लागेल, हे ते मास्तरांना म्हणाले. मास्तरांनी घरी येताना तिचं नाव श्वासवाली ठेवून टाकलं. पण नाव ठेवल्यानं घशातली आग थोडीच कमी होते. वाकल्याशिवाय कटिंग नाही, आणि वाकलं की काहीतरी आंबट, कढत असं छातीच्या हाडामागून चढत चढत थेट जिभेच्या मुळाशी यायचं. एकदा तर एका गिऱ्हाइकाच्या काळ्या कापडावर तोंडातून थेंब पडला. मास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि खिशाची पट्टी कापली ती बरोबर त्या डागाच्या बाहेरून. गिऱ्हाईक कोट घालून खूश होऊन गेलं.

कधीपासून, याचं एक उत्तर त्यांना माहीत होतं. थोरल्या मास्तरांपासून. ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या थोरल्या मास्तरांच्या हातात कायम लाकडी पट्टी असायची आणि तिचं टोक नवशिक्याच्या पोटात खुपसून ते म्हणायचे, आत. कटरचं पोट टेबलाला टेकलं की कापड सरकलं, आणि कापड सरकलं की कोट गेला. श्वास घ्यायचा, पोट आत ओढायचं, तिथेच धरायचं, आणि खडूच्या रेघेवरून कात्री एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. मध्ये श्वास सोडला तर रेघेला दात पडतात. मास्तरांच्या रेघेला कधी दात पडले नाहीत. पण हे झालं दुकानातलं. दुकानातून सुटल्यावर शेकडो कटर घरी जातात, पट्टा सैल करतात, पोट सोडतात आणि ढेकर देतात. मास्तरांनी घरी तरी पोट का सोडलं नाही, हे श्वासवालीनं विचारलं नव्हतं, आणि तिला सांगण्यासारखंही ते नव्हतं.

निघताना तिनं अडचण सांगितली. एरवी ती लोकांना स्वतःचाच हात पोटावर ठेवायला सांगते, पण मास्तरांच्या बाबतीत त्याचा उपयोग नव्हता. "तुमचा हात तुमच्या पोटाला सामील आहे," ती म्हणाली. पोट वर आलं नाही तर हातच वर उचलून दाखवतो. घरातल्या कुणीतरी सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं हात ठेवला, नुसता, न दाबता, तर पोटाला कळेल कुठे जायचं ते. "काकू आहेत ना?" मास्तर म्हणाले, आहेत. "मग काय, झालं की," ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं झालं होतं. मास्तर मात्र जिना उतरताना कठड्याला धरून थांबले, कारण त्यांना एकदम हिशेब लागला की शेवटचा बायकोचा हात आपल्या अंगाला कधी लागला हे आपल्याला आठवत नाही. भांडं देताना, पिशवी घेताना बोटं लागली असतील. तशी ती भाजीवाल्यालाही लागतात.

बसमध्ये खिडकीशी बसून ते बायकोला कसं सांगायचं याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत राहिले. आणि मध्येच, नको असताना, तो आरसा आला. गिऱ्हाइकाचं माप घेताना त्याच्या तोंडावर त्याचं व्यंग बोलायचं नाही हा धंद्याचा पहिला नियम. म्हणून दुकानात खुणा चालत. कटर गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहायचा, टेप लावून आकडे मोठ्यानं सांगायचा, आणि दुसऱ्या हातानं, गिऱ्हाइकाच्या पाठीआड, टेबलाशी लिहून घेणाऱ्याला खूण करायचा. मूठ म्हणजे ढेरी. उतरता पंजा म्हणजे पडके खांदे. ओंजळीसारखी खोलगट केलेली हाताची वाटी म्हणजे आत गेलेली छाती, तिथे भर घालावी लागेल. गिऱ्हाईक समोरच्या तीन पाखांच्या आरशात स्वतःला बघत मिशीवर हात फिरवत असायचं आणि मागे त्याचं पोस्टमार्टम चाललेलं असायचं. लग्नानंतर बायकोला हसवायला मास्तरांनीच या खुणा घरी करून दाखवल्या होत्या. दुकानाला अमुक वर्षं झाली म्हणून शेठनी सगळ्यांना बायकापोरांसह बोलावलं होतं त्या संध्याकाळी कुणीतरी टूम काढली की मास्तर म्हणे टेपशिवाय नजरेनं माप सांगतात, तर दाखवा. दोघा-तिघांची मापं सांगून झाली, टाळ्या झाल्या. मग शेठच म्हणाले, वहिनींचं सांगा. बायकोला ढकलत ढकलत आरशापुढे आणलं. मुलीचं अंगावरचं दूध तेव्हा नुकतंच सुटलं होतं, आजारपणातून उठल्यासारखी बायको वाळली होती, पण त्या दिवशी तिनं मुद्दाम नवं काहीतरी नेसलं होतं आणि ती खुशीत होती, अगदी लाजून हसत होती. मास्तर तिच्या मागे उभे राहिले. आकडे सांगितले. आणि हात, सवयीनं म्हणा, चार माणसांना हसवायच्या हौसेनं म्हणा, मागे गेला आणि त्याची वाटी झाली. एकदा झाली, हशा पिकला. म्हणून पुन्हा झाली, जास्त खोल.

चूक म्हटली तर एवढीच, आणि ती त्यांच्या धंद्यातल्या माणसाकडूनच व्हायची. इतकी वर्षं त्यांचा हात लठ्ठ, रुंद, पोट सुटलेल्या पुरुषांच्या पाठीआड लपत आला होता. तो लपतोच, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. बायकोच्या पाठीआड काही लपत नव्हतं. आरशाच्या डाव्या पाखात तिच्या कमरेच्या बाजूला त्यांचा हात स्वच्छ दिसत होता, आणि मास्तरांनी वर पाहिलं तेव्हा ती त्या हाताकडे बघत होती. मग सगळ्यांबरोबर तीही हसली. सगळ्यांपेक्षा किंचित जास्त वेळ. घरी गेल्यावर भांडली असती, आदळआपट केली असती, माहेरी निघून गेली असती तर मास्तरांनी तिची समजूत काढली असती, तेवढे ते वाईट नव्हते. पण ती फक्त कपडे बदलण्याआधी दिवा घालवायला लागली. मग दिवा घालवून झोपायलाच लागली. मुलगी लग्न करून दुसऱ्या शहरात गेली त्या आठवड्यात तिनं आपली गादी मुलीच्या खोलीत नेली, पंखा तिकडे चांगला आहे म्हणून. आपल्या बायकोचा स्वभावच थंड, असं मास्तर स्वतःला सांगत आले होते, आणि सांगून सांगून ते खरं वाटायला लागलं होतं.

तीही काही साधी नव्हती. त्या प्रसंगाला बराच काळ लोटल्यावर एका सकाळी मास्तर बनियन बदलत होते, चाळिशीत सगळ्यांचं सुटतं तसं त्यांचंही पोट थोडं सुटलं होतं, आणि ती दारात उभी होती. हातात काही होतं की नव्हतं कोण जाणे. तिनं त्यांच्या पोटाकडे पाहिलं, अगदी शांतपणे, आणि तिच्या बाजूला लोंबणाऱ्या हाताची मूठ झाली. कदाचित टाचणी धरली असेल. कदाचित बोटांना गोळा आला असेल. ती तशीच आत निघून गेली. मास्तरांनी त्याच क्षणी पोट आत ओढलं, आणि त्या दिवसापासून त्या घरात त्यांनी ते सोडलं नाही. जेवताना नाही, बसताना नाही, शेजारच्या खोलीतून तिच्या कुशीवर वळण्याचा आवाज आला तरी अंधारात आत. हे श्वासवालीला कसं सांगणार होते ते?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी विषय काढला. बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मास्तरांनी आधी पडदा सांगितला, वेढा सांगितला, ॲसिड सांगितलं, आणि मग, जणू औषधाच्या दुकानातून काही आणायचं आहे अशा आवाजात, कुणीतरी हात ठेवायला हवा असं सांगितलं.

"कुणीतरी म्हणजे?"

"म्हणजे तू."

तिनं घडी थांबवली नाही. "दाबायचा का?"

"नाही. नुसता ठेवायचा."

"नुसता ठेवायचा," ती म्हणाली. उशीचा अभ्रा झटकून तिनं त्याची कडा कडेला जुळवली. "मग त्याला हात कशाला लागतो? वजनच हवंय ना."

हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तो सबंध दिवस मास्तरांनी दुकानात हवेत काढला. नव्या नवऱ्यासारखे ते घडीघडी घड्याळाकडे बघत होते, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती. वजनच हवंय ना, याचा अर्थ त्यांनी दहा प्रकारे लावून पाहिला. त्यातल्या दोन-तीन प्रकारांत ती संध्याकाळी येऊन पलंगाच्या कडेला बसत होती. त्यांनी त्या दिवशी पट्टा एक भोक आवळून घेतला आणि घरी गेल्यावर साबणानं आंघोळ करायची असं ठरवलं.

घरी उशीवर एक पिशवी ठेवली होती. तळहाताएवढी, चारही बाजूंनी बंद. दुकानातून कधीकाळी आणलेल्या अस्तराच्या तुकड्याची, राखाडी, मऊ. आत धुऊन वाळवलेली बारीक वाळू. "हे घ्या," बायको दारातून म्हणाली. "माझ्या हाताइतकंच वजन आहे. काट्यावर ठेवून बघितला." एवढं बोलून ती गॅस बंद करायला गेली. मास्तर पिशवी हातात घेऊन उभे राहिले. ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी आहे, पिठाच्या काट्यावर तिनं आपला हात टाकला आहे, सैल, दुसऱ्या कुणाचा असावा तसा, आणि काटा स्थिर व्हायची वाट बघते आहे, हे त्यांना इतकं लख्ख दिसलं की त्यांनी डोळे मिटले. मग सवयीनं त्यांनी पिशवी उलटी करून शिलाई पाहिली. कुठेतरी टाका चुकला असेल, कोपरा नीट वळला नसेल. कुठेही चुकलं नव्हतं. शेवटचे टाके इतके आत घेतले होते की पिशवी कुठून भरली ते कळत नव्हतं. रागानं शिवलेलं काम असं होत नाही. तिनं ते वेळ काढून, मन लावून केलं होतं.

पहिले काही दिवस पिशवीही खाली जात राहिली. मास्तर छताकडे बघत श्वास मोजायचे आणि पोट पाठीला जाऊन भिडायचं. आणि एका सकाळी, विशेष काही न होता, ती वर आली. हवा आत आली आणि ती राखाडी पिशवी, होडी वर यावी तशी, वर आली. मास्तरांनी श्वास सोडला, ती खाली गेली. पुन्हा घेतला, वर. त्यांना हसू आलं आणि हसतानाही ती वर-खाली होत राहिली. पिशवीला डोळे नव्हते. तिच्यापुढे काही आत ओढून धरायचं नव्हतं. हे मास्तरांना समजलं तेव्हा त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं फार वाईट वाटलं. काही आठवड्यांत जळजळ अर्ध्यावर आली, मग नावाला राहिली. दुकानात वाकता यायला लागलं. फोनवर मुलगी म्हणाली, बाबा, चेहरा सुधारला तुमचा, आई काळजी घेते ना? दोघं फोनच्या चौकटीत मावण्यासाठी खांद्याला खांदा न लावता जितकं जवळ बसता येईल तितके बसले होते. दोघंही म्हणाले, हो.

श्वासवालीनं तपासलं तेव्हा ती खूश झाली. काकू ठेवतात ना रोज हात, तिनं विचारलं, आणि मास्तर ठेवतात म्हणाले. खरं सांगायला काही हरकत नव्हती. पिशवीनं भागतं असं सांगितलं असतं तर ती बरं म्हणाली असती. पण मास्तरांना वाटलं, जगात निदान एका माणसाची अशी समजूत असू दे की या माणसाच्या पोटावर त्याची बायको रोज हात ठेवते. त्या समजुतीपायी ते आणखी वाहवत गेले. सकाळी चहाआधी ठेवते, कधी कधी तशीच डुलकी लागते तिला, असंही त्यांनी सांगून टाकलं. श्वासवाली हसली. मग पुढच्या वेळी काकूंना घेऊनच या, ती म्हणाली, आता श्वास सोडताना हलकं कसं दाबायचं ते त्यांना शिकवते. मास्तरांनी सबबी सांगितल्या. तिला वेळ नसतो, तिचे गुडघे दुखतात. श्वासवालीनं सरळ घरी फोन केला आणि बायकोनं तो घेतला. येते म्हणाली.

जाताना बसमध्ये बायको खिडकीशी बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. तिला आधीच सांगून टाकावं असं मास्तरांना तीन थांब्यांवर वाटलं आणि चौथ्यावर उतरायचं होतं. जिन्यात ते म्हणाले, "आत फार बोलू नकोस."

"मी कधी बोलते?" ती म्हणाली.

श्वासवालीनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मास्तर कागदाच्या चादरीवर पडतायत न पडतायत तोवर कौतुकाला सुरुवात केली. काकू, तुमच्या हाताला गुण आहे हं. काका सांगत होते, एक दिवस चुकवत नाही तुम्ही, ठेवल्या ठेवल्या डोळा लागतो म्हणे तुमचा. मास्तर उताणे होते, त्यांना बायकोची हनुवटी आणि नाकपुड्या तेवढ्या दिसत होत्या. मग तिनं खाली पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं. राग नव्हता त्यात. या माणसानं बाहेर जाऊन आपल्याबद्दल खोटं बोलताना असलं खोटं निवडलं, याचं नवल होतं, आणि नवलाच्या मागे आणखी काहीतरी हलल्यासारखं झालं, निदान मास्तरांना झालं. ती मला उघडं पाडणार नाही, त्यांना वाटलं. आणि तिनं पाडलं नाही. खुर्ची सरकवली, रुमालाला हात पुसला, आणि त्यांच्या पोटावर ठेवला.

हात ऊबदार होता. तो गार असेल असं का कोण जाणे त्यांनी गृहीत धरलं होतं. पण त्यांचं सगळं आयुष्य वजन, ताण, झोळ ओळखण्यात गेलं होतं, आणि त्यांना लगेच कळलं की हा हात पिशवीपेक्षा हलका आहे. काट्यावर तिनं तो पूर्ण सोडला असणार. इथे ती तो मनगटातून उचलून धरत होती. परक्याच्या बाकावर कुणी अर्धवट टेकावं, तसा. मास्तरांनी श्वास घेतला. पोट आत गेलं. त्यांनी ते मुद्दाम ओढलं नव्हतं, त्यांनी उलट सगळा जीव लावून ते बाहेर ढकलायचा प्रयत्न केला होता, पण ते तिच्या हाताखालून निसटून पाठीकडे पळालं, आणि हातही खाली आला नाही, जिथे होता तिथेच राहिला. हात आणि पोट यांच्यामध्ये कागद सरकवता येईल एवढी फट पडली. "काका, घरी करता तसं करा ना," श्वासवाली म्हणाली. त्यांनी पुन्हा घेतला. पुन्हा तेच. छाती भात्यासारखी वर झाली, कपाळावर घाम आला, आणि जिभेच्या मुळाशी ती जुनी आंबट धार पोचली. ते गिळून त्यांनी तिसऱ्यांदा घेतला, तोंडानं, घाईघाईनं, बुडणाऱ्यासारखा. "असं कसं झालं," श्वासवाली स्वतःशीच म्हणाली. "मागच्या वेळी तर एवढा छान येत होता."

बायकोनं हात काढला. घाई न करता पर्सची चेन उघडली. "लागेल म्हणून आणली होती," ती श्वासवालीला म्हणाली आणि ती राखाडी पिशवी तिनं मास्तरांच्या पोटावर, बरोबर मध्यावर, दोन बोटांनी सरळ करून ठेवली. "घरी हीच असते."

श्वासवालीनं एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि मग ती कुठेच बघेना. मास्तरांनी ठरवलं, आता श्वास घ्यायचाच नाही. पण तो किती वेळ न घेणार. हवा आत आली, आणि पिशवी वर आली. अलगद, पूर्ण, पुस्तकात दाखवतात तशी.

"आता बरोबर घेतायत का?" बायकोनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हो काकू," श्वासवाली हळूच म्हणाली. "अगदी बरोबर."

"मग झालं तर," बायको म्हणाली आणि पर्स मांडीवर घेऊन ती खुर्चीत नीट टेकून बसली, त्यांचं संपेपर्यंत. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. घशातली आग हळूहळू खाली उतरत गेली, आणि त्यांचं पोट, ते नको नको म्हणत असताना, सावकाश फुगत राहिलं आणि बसत राहिलं.